त्र्याऐंशीवा सहगुणक

३ जून, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. आठ वर्षे उराशी बाळगलेले अनुमान या पंधरवड्यात सिद्ध होईलच. निवृत्तीपूर्वी एक प्रमेय आपल्या नावाने ओळखले जावे, एवढीच इच्छा. विधान सोज्ज्वळ आहे: माझा अनंत गुणाकार उलगडला, की ‘क्यू’ या चलाच्या प्रत्येक घातापुढचा आकडा, म्हणजे सहगुणक, धन येतो. ऋण एकही नाही. चौदा तारखेच्या सेमिनारसाठी शीर्षक कळवून टाकले: ‘एका धनतेची संपूर्ण सिद्धता’. सिद्धता तेवढी बाकी.

५ जून, बुधवार
शंभर सहगुणक हाताने काढले. संगणक हे विभागात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या यंत्रोपासकाचे काम. मी गणिती आहे. त्र्याऐंशीवा उणे दोन आला. उघडच बेरीज चुकली. थकवा. अधिक दोन केला.

८ जून, शनिवार
सिद्धतेच्या तिसऱ्या पायरीवर अडलो. कारण स्वयंपाकघरातला मिक्सर. बायकोला तसे स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, “अहो, मिक्सर आठवडाभर दुरुस्तीला दिलाय.” क्षुल्लक तपशिलांत शिरण्याची तिची सवय जुनीच.

११ जून, मंगळवार
यंत्रोपासक प्रिंटआउट घेऊन दारात. म्हणाला, “सर, त्र्याऐंशीवा बघितलात? उणे दोन येतोय.” यंत्र बिघडले असेल, म्हणालो. “दोन यंत्रांवर बघितलं, सर.” म्हणजे दोन्ही बिघडली आहेत.

१२ जून, दुपारी
चार वेळा बेरीज केली. चारही वेळा उणे दोन. चूक फारच चिवट आहे.

१३ जून, गुरुवार
तोडगा निघाला! नवे विधान: त्र्याऐंशीवा वगळता सर्व सहगुणक धन. अपवादाने नियमाला भारदस्तपणा येतो. बायकोला वाचून दाखवले. “आणि शंभराच्या पुढचे?” हिला गणित कळत नाही, तेच बरे.

१४ जून, शुक्रवार
व्याख्यान बारा मिनिटांत आटोपले. मग यंत्रोपासकाने “सर, खडू देता?” म्हणून फळा घेतला आणि चार ओळींत दाखवले, की त्र्याऐंशीपासून पुढे दर तेविसावा सहगुणक ऋणच असतो. शेवटपर्यंत. म्हणजे अनंतापर्यंत. विभागप्रमुख म्हणाले, “वा! याला म्हणतात सिद्धता. प्रमेय याच्याच नावावर लावून टाकू.”

सगळे चहाला गेल्यावर तासभर फळ्यापुढे बसून चूक शोधली. दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिला होता. तो मी घातला.