गाडी रिकामी जाऊ द्यायची नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आली! नऊ वाजून दहा मिनिटांनी एसटी गावात आली. सहा वर्षांनी! चौपदरी रस्ता गावाबाहेरून गेला तेव्हापासून सगळ्या गाड्या बोरमाळ फाट्यावरूनच पुढं निघून जायच्या. दोन किलोमीटर आत वळायचं ड्रायव्हरच्या जिवावर यायचं. आज वळली. धुरळा थेट माझ्या गिरणीत आला, दळायला ठेवलेल्या सगळ्या डब्यांवर बसला, तरी एक बाई कुरकुरली नाही.

पण ही गाडी अजून आपली नाही. एकवीस दिवस चाचणी. सकाळी मिरजगावला जाताना पंचवीस आणि संध्याकाळी येताना पंचवीस, एवढी माणसं सरासरी बसली तर कायम. नाहीतर बंद. ह्याला डेपोत भारमान म्हणतात. दिवाळी झाली, निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. मागं उरलेत म्हातारेकोतारे, शाळेतली पोरं आणि माझ्यासारखे हट्टी. पंचवीस माणसं रोज आणायची कुठून?

माझं तर सगळंच ह्या गाडीवर आहे. रविराजनं, माझ्या लेकानं, फाट्यावर त्याच्या मोबाईलच्या दुकानाशेजारचा गाळा गिरणीसाठी बघून ठेवलाय. वर्षभर नुसती भांडणं. शेवटी मागच्या आठवड्यात मी बोलून बसले, गाडी कायम झाली तर गिरणी गावातच, नाही झाली तर चोविसला टेम्पो आण, मी गप चढते. तोंड आवरायला हवं होतं. गिरणी ह्यांनी बसवलेली. हे जाऊन नऊ वर्षं झाली, पण पट्टा सरकला की मी अजून ह्यांनाच शिव्या देते. फाट्यावर जाऊन कुणाला देऊ?

४ नोव्हेंबर, मंगळवार

सहादेव तात्यांनी तोडगा काढला. तात्या म्हणजे आमच्या गावचे रिटायर एसटी ड्रायव्हर. डेपोत अर्ज करून करून गाडी त्यांनीच आणली. सप्ताहात वीणेचा पहारा लावतात ना, अमक्या घराला अमकी वेळ, तशी त्यांनी गाडीची पाळी लावली. रोज आठ घरं. घरातली जेवढी माणसं मोकळी असतील तेवढ्यांनी गाडीत बसायचं. तक्ता मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर, सप्ताहाच्याच खिळ्याला.

देवळापुढं उभं राहून सांगितलं, "सात दिवस वीणा खाली टेकत न्हाई का न्हाई? तशी गाडी रिकामी जाऊ द्यायची न्हाई."

जाऊन करायचं काय, असं कुणीतरी मागून विचारलं. ते ज्याचं त्यानं बघायचं म्हणाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

जाताना एकतीस. येताना चार!

आमच्या गावचा आदिनाथ कांदा खाली करून रिकामा पिकअप घेऊन मिरजगावहून निघाला होता. त्यानं हाका मारून सगळ्यांना फुकट गावात आणलं, वर स्वतःला पुण्यवान समजत होता. गाडी दोन्हीकडून मोजतात हे कुणाच्या डोक्यातच नाही. तात्या असे काही बोलले की देवळातली कबुतरं उडाली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आदिनाथच्या पिकअपची चावी दुपारी चार ते सहा तात्यांच्या खिशात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात म्हाताऱ्यांना भाव आलाय. झालं असं की पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, म्हणून तात्यांनी त्यांना तक्त्यात धरलंच नव्हतं. फुकट्यांनी भारमान कसलं वाढणार! तर कंडक्टरीण जया म्हणाली, तिकीट शून्याचं असलं तरी फाडावं लागतं आणि माणूस अख्खा मोजला जातो.

झालं. दुपारपर्यंत घरोघर म्हाताऱ्यांचा शोध सुरू. आधारकार्डं बाहेर आली. मारुतीच्या पारावर बसणाऱ्या एकाचं वय कार्डावर त्र्याहत्तरच निघालं तर सून त्याला घालून पाडून बोलली, म्हणजे जणू त्यानं मुद्दामच उशिरा जन्म घेतला. आक्काबाई एक्क्याऐंशीच्या. त्यांना आजवर घरचे ओटा उतरू देत नव्हते, पडाल म्हणून. आज सुनेनं स्वतः नवं लुगडं काढून दिलं, पानाची चंची भरून दिली आणि हाताला धरून पुढच्या सीटवर बसवून आली. संध्याकाळी आक्काबाई उतरल्या त्या तरातरा. उद्या त्यांची पाळी नाही. पण जाणार म्हणाल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

दळणं कमी झालीत. मला वाटलं सुगीची गडबड असेल. आज समोरच्या ज्योतीकडं विरजण मागायला गेले तर ओट्यावर मिरजगावच्या दुकानाची पिठाची पिशवी! पाच किलोची. मी नुसतं बघितलं. ती बिचारी लाजली, पण खरं तेच बोलली, "काकू, एवढं गाडीत बसून गेले. तितनं रिकाम्या हातानं कसं यायचं?"

आता कळलं. दिवसाला तीस माणसं मिरजगावला जातात आणि तीस पिशव्या भरून येतात. पीठ, साबण, तेल, बटर, सगळं. किराणावालाही आज तोंड पाडून बसला होता. गाव वाचवायला गाडी आणली आणि त्याच गाडीत बसून गावाचं गिऱ्हाईक परगावी! ह्यात कुणाला दोष द्यायचा? पाळी लावताना टाळ्या वाजवणाऱ्यात मीच पुढं होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

रविराज आला होता. जेवला, भाकरीचं कौतुक केलं, मग हळूच गाळ्याचं काढलं. मालकाला दुसरं गिऱ्हाईक आलंय, पण चोविसपर्यंत तो थांबेल म्हणे. मी म्हटलं, फाटा म्हणजे गाव नव्हे, नुसतं थांबायचं ठिकाण. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आये, मान्सं जितं थांबत्यात तितंच दुकान टाकावं लागतं," म्हणाला. "तू हितं कुनाची वाट बघती?"

मी त्याचं ताट उचललं. उत्तर तो गेल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.

आमचं गाव रस्त्यानं मोडलं असं सगळे म्हणतात. साफ खोटं. गाव मोडलं दाढीपासून. रस्ता झाल्यावरही वर्षभर सगळी दुकानं इथंच होती. मग गोरक्षनाथ न्हाव्यानं खुर्ची फाट्यावर नेली. मग गडी माणसं दाढीला फाट्यावर जायला लागली. दाढी झाली की चहा, म्हणून हॉटेल गेलं. चहाबरोबर पेपर, पेपरबरोबर गप्पा, गप्पा झाल्यावर येता येता बाजार. मेडिकल गेलं, पंक्चरवाला गेला. चौदा शटर होती स्टँडवर, आता पाच उघडतात. त्या पाचातली एक मी कशी राहीन, एवढंच बघतेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझी पाळी. गिरणीला कुलूप लावून बसले. खिडकीजवळ!

खरं लिहायचं तर मजा आली. सहा वर्षांत मी नगरला दोनदा आणि मिरजगावला गेले असेन चार-पाचदा, तेही रविराजच्या मागं गाडीवर, डोळ्यात धूळ. आज चार बायका, आक्काबाई (सहाव्यांदा की सातव्यांदा, त्यांना पहारा सोडवतच नाही), शेंगदाणे, आणि गावातल्या प्रत्येक घराची उणीदुणी. ज्योती माझ्याशेजारीच बसली. पिठाचा विषय दोघींनीही काढला नाही.

मिरजगावात उतरून मी सरळ त्या पिठाच्या दुकानात गेले. बाजरीचं पीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं. कडू! बाजरीचं पीठ आठ दिवसांवर टिकत नाही, आणि हे कधीचं होतं कोण जाणे. मला इतका आनंद झाला की दुकानदाराला वाटलं मी घेणारच.

येताना हे जयाला सांगितलं. ती मिरजगावातच राहते. म्हणाली, तरीच माझी भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटते. मग तिकिटं फाडता फाडता थांबली. "मावशी, मी सकाळी येताना बाजरीचा डबा आनला तर संध्याकाळच्या गाडीला दळून द्याल का?"

देईन की!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जयाचा डबा आला. मी कालच गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावून ठेवली होती. असं पीठ पडलं की मीच हात घालून बघत बसले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गोरक्षनाथ न्हावी सकाळी सात वाजता खुर्ची घेऊन स्टँडवर हजर! रोज गाडीत बसायचं तर गडी माणसांना दाढी लागते, आणि नऊच्या गाडीसाठी आधी दोन किलोमीटर चालत फाट्यावर जाऊन दाढी करून परत कोण येणार? त्यानंच हिशेब घातला आणि आला. नऊपर्यंत इथं, मग फाट्यावर. मी माझा सिद्धांत त्याला सांगितला. आपल्यामुळं गाव मोडलं हे ऐकून तो खूष झाला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अकरा डबे! जयाची भाकरी शेजारणींनी खाल्ली म्हणे. सीटवर माणसं, सीटखाली डबे, आणि डब्यांवर खडूनं नावं. ह्यातली निम्मी नावं मी आयुष्यात ऐकलेली नाहीत. परगावची बाजरी बोरमाळला दळायला येते! रविराजला फोन करून सांगणार होते. मग म्हटलं नको, चोविसलाच एकदम सांगू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डीपी जळाला. अख्ख्या गावची लाईट गेली. चौदा डबे तसेच पडून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लाईट नाही. काल डबे न दळता परत दिले, आज एकही आला नाही. कोण पाठवेल? त्यात काल-आज गावात लग्न, सगळं वऱ्हाड खाजगी गाड्यांनी गेलं. काल एसटीत नऊ माणसं, आज सात. सातात एक आक्काबाई.

संध्याकाळी तात्यांकडं गेले. आकड्यांची वही त्यांच्याकडंच असते. विचारलं, सरासरी भरते का. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"अवघड हाय," म्हणाले. "लई जोर लावावा लागंल."

तिथंच ओट्यावर बसून रविराजला फोन लावला. म्हटलं, गाळा घे, सोमवारी टेम्पो आण. शब्द म्हणजे शब्द. तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, टोपी काढली, परत घातली.  घरी येऊन मी रडले. इथं लिहायला लाज कसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लाईट आली. आता येऊन काय उपयोग!

२३ नोव्हेंबर, रविवार

चाचणीचा शेवटचा दिवस. जाताना बेचाळीस, येताना सत्तेचाळीस. जास्तीचे पाच कोण, तर मिरजगावच्या बायका! डबे घेऊन स्वतःच आल्या, गिरणी बघायला. गाडी परत निघेपर्यंत मी दळून दिलं. उद्यापासून गिरणी फाट्यावर, हेही सांगून टाकलं. एक म्हणाली, आमची गाडी तर फाट्याच्या दुकानांपुढं थांबतच नाही, चौपदरीच्या पलीकडं उतरून पुलाखालून चालत यावं लागेल.

पट्टा काढून गुंडाळून ठेवलाय. भिंतीवरचं पीठ झटकताना ह्यांच्या हाताचा ठसा दिसला, ग्रीसचा. तो कसा न्यायचा?

२४ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पो परत पाठवला.

टेम्पोवाले मोटर उचलत होते तेवढ्यात तात्या पळत आले. सत्तरीचा माणूस, धापा टाकत. माझ्या हातात कागद दिला. डेपोचं पत्र. पहिल्या दहा दिवसांचं भारमान बघूनच गाडी कायम! तारीख वाचली, १४ नोव्हेंबर. दहा दिवस हे पत्र त्यांच्याकडं होतं!

मी इतकं बोलले, इतकं बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "कायम झाली म्हनलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कोन बसलं असतं गाडीत?"

तेवढ्यात ज्योती धावत आली. गाडीचं काय झालं, विचारायला. मागं अर्धी आळी. मी पत्र घडी करून कमरेला खोवलं आणि सांगितलं, मुदत महिनाभर वाढली, बुधवारी तुझी पाळी. रविराजलाही फोन करून तेच सांगितलं.