वीतभर दोरी

४ डिसेंबर

आज माझा डावा हात एका वकीलबाईंच्या उजव्या हाताला बांधला गेला!

झालं असं – तळ्याकाठी पळणाऱ्या आमच्या टोळक्यात एक वकीलबाई आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या. डोळ्यांनी काहीच दिसत नाही. बँकेतल्या एका कारकुनाबरोबर पळायच्या, दोघांच्या मनगटांत वीतभर दोरी अडकवून. त्याला परवा जुळं झालं. आता सकाळी सहाला तो कुठला येतोय! बंबवाले काकांनी (अग्निशमन दलात तीस वर्षं काढली, आता आम्हाला हाकतात) सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे. म्हणे, ‘तुमचा वेग जुळतो.’ म्हणजे मी अठ्ठावन्न वर्षांच्या बाईइतकी हळू! चाळिशीतच!

म्हटलं, मला नाही जमणार. बाई म्हणाल्या, ‘मलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. चला.’

तीन किलोमीटर. जीव मेटाकुटीला आला.

५ डिसेंबर

पोटऱ्यांचे दगड झालेत. प्रयोगशाळेचा जिना कठडा धरून चढले.

९ डिसेंबर

पळता पळता रस्ता बोलून दाखवायचा असतो. मी म्हटलं, ‘जरा पुढे थोडासा चढ आहे.’ बाई लगेच – ‘जरा म्हणजे किती? थोडासा म्हणजे किती? साक्षीदार असं बोलला असता तर मी त्याला तिथेच गुंडाळला असता!’

खरंच की. दिवसभर मी पाण्याचे नमुने तपासते, क्लोरीन दशांशात लिहिते आणि तोंड उघडलं की जरा, थोडं, जवळपास! मग सुरू केलं – वीस पावलांवर चढ. डावीकडून सायकल. पुढे ओला पाचोळा, लहान पावलं.

बाई पळतात ते बघत राहावं. मान ताठ, खांदे सैल. मला दिसतं, तरी मी बुटांकडे बघत पळते. त्या समोर बघून पळतात.

१४ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

बाई पडल्या. माझ्यामुळे.

पंप-हाउसच्या वळणावर गटाराचं झाकण चार बोटं वर आलंय. रोज सांगते. आज डोक्यात ऑफिसचा अहवाल घोळत होता. सांगायचं राहिलं! दोरीला हिसका बसला, आणि बाई तोंडावर. हनुवटी फुटली, गुडघा सोलला. मी नुसती उभी. मग मीच रडायला लागले.

बाई रस्त्यावर बसूनच म्हणाल्या, ‘आधी कुठे कुठे रक्त येतंय ते सांगा. रडायचं नंतर.’

काकांनी आपला मफलर दाबून धरला. दवाखान्यात तीन टाके पडले. बाहेर बाकावर बसून मी ‘माफ करा, माफ करा’ एवढंच म्हणत होते. त्यांची भाची न्यायला आली. ती मला ओलांडून थेट बाईंकडे गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१५ डिसेंबर

गेले नाही.

१६ डिसेंबर

आजही नाही. काकांचे चार फोन. उचलले नाहीत. दादाचा उचलला. ‘कशाला नसत्या भानगडीत पडतेस? परक्या गावात आहेस, आपलं काम बरं की आपण बरं.’ पटलं मला. बूट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले.

१७ डिसेंबर

पावणेसहाला बेल वाजली. दार उघडलं तर वकीलबाई! हनुवटीला पांढरी पट्टी, गळ्याशी स्वेटरची चेन. मागे जिन्यावर काका, काकांमागे सगळी पलटण – आठही जणं! थंडीत हात चोळत.

तिसरा मजला. लिफ्ट नाही. बाई एकेक पायरी चढून आल्या होत्या, टाके ओले असताना.

म्हटलं, ‘बाई, दुसरं कुणीतरी बघा. माझ्यावर भरवसा ठेवू नका.’

‘तुला काय वाटतं, मी आजवर कुणाबरोबर पडले नाही?’ (पहिल्यांदाच तू म्हणाल्या!) ‘त्या बँकवाल्याने मला दोनदा पाडलंय. एकदा तर तळ्यात!’

सगळे हसले. मी नाही.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘हे बघ. पडण्याची मला भीती नाही. एकदा पडले की माणसं मला बाकावर बसवून ठेवतात, त्याची आहे. तू नाही आलीस, तर उद्यापासून मी बाकावर.’

काका म्हणाले, ‘आटपा हो, पाय गारठले इथे.’

फळीवरून बूट खाली काढले. लेस बांधताना गाठच बसेना. खाली बसून बाईंनी ती बांधली. चाचपडत नाही – सरळ, झटक्यात.

पळणं नाही, टाके सुटेपर्यंत चालणं. पण गेले.

१८ डिसेंबर

नगरपालिकेत झाकणाची तक्रार दिली. बाईंनी मजकूर सांगितला, मी लिहिला. तिथल्या साहेबांना वाचतानाच घाम फुटला असणार!

२२ डिसेंबर

झाकण बसलं. सपाट!!

२९ डिसेंबर

टाके निघालेत, पळणं पुन्हा सुरू. नंतर टपरीवर चहा घेताना विचारलं – पळायला कसं काय लागलात? तिसाव्या वर्षी नजर गेली, म्हणाल्या. त्यानंतर घरीदारी, कोर्टात, जो तो एकच शब्द बोलायचा. सावकाश. सावकाश हं, सावकाश. ‘बावीस वर्षं ऐकलं गं. मग काका भेटले. पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी ओरडले – अहो, पाय उचला की, झोपलात काय!’

सांगताना किती खूष होत्या. काका पलीकडे बिस्किट बुडवत होते. ऐकून न ऐकल्यासारखं. कान मात्र लाल.

६ जानेवारी

आठ किलोमीटर. मधे थांबलो नाही!

जुळ्यांचा बाप दोन्ही बाळं छातीशी धरून तळ्यावर आला होता. डोळे खोल गेलेत बिचाऱ्याचे. आमच्या टोळक्याने पाळी लावून घेतलीय – रोज कुणीतरी त्याच्याकडे तासभर बाळं सांभाळायला. म्हणजे नवरा-बायको झोपतील. मी गुरुवार घेतला.

मला बाळ धरता येत नाही. शिकेन.

२१ जानेवारी

स्पर्धा! दहा किलोमीटर. बाईंना पंचाहत्तर मिनिटांच्या आत यायचं होतं.

आठव्यापर्यंत झकास. मग माझा श्वास संपला. तोंडातून शब्द निघेना. हातवारे करून उपयोग काय! म्हटलं, ‘बाई… बोलता… येत नाही.’

‘मग नको बोलूस. मी बोलते. चुकलं तर दोरी ओढ.’

आणि त्या बोलायला लागल्या! ‘आता उजवीकडे शाळेची भिंत. संपली. आता उतार, साठ पावलं. आता डावीकडे वळ.’ गेले दोन रविवार आम्ही तो रस्ता चालून आलो होतो. मी सांगितलेलं पाऊल न् पाऊल त्यांच्या डोक्यात! मी फक्त पाय उचलत होते आणि ऐकत होते. एकदाही दोरी ओढावी लागली नाही.

शेवटच्या वळणावर आमची मंडळी. आपापली शर्यत संपवून उलटी चालत आलेली. काकांनी आरोळी ठोकली, ‘पाय उचला, झोपलात काय!’ आणि सगळे आमच्यामागून धावत आले.

चौऱ्याहत्तर मिनिटं, वीस सेकंद.

बाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘घामेजलीस की गं,’ एवढंच म्हणाल्या. असं माणूस मी पाहिलं नाही.

३० जानेवारी

बदलीचा कागद आला. बढतीसकट, घरच्या गावी, दादाच्या शेजारच्याच गल्लीत. तीन वर्षांपूर्वी मीच हातापाया पडून अर्ज केला होता.

दुपारी नकार लिहून दिला. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. ‘कारण काय लिहू?’

म्हटलं, ‘लिहा – सकाळी सहाला माझी वाट बघतात.’