आरशात मावणारा पूल

२० ऑगस्ट, मंगळवार

आजही मान दिसली. नुसती मान! आणि खुर्चीची पाठ.

सायकलफेरीच्या गटात नऊ जण होते. "सायकल येते ना?" विचारलं की सगळेच माना डोलावतात, आणि पहिल्या वळणावर खरं काय ते कळतं. आज एक बाई विजेच्या खांबाला मिठी मारून थांबली. कालव्यात कुणी पडलं नाही, एवढं नशीब.

मग नेहमीप्रमाणे पाखरांच्या नावांच्या गल्ल्यांत शिरलो. पुलावर सगळ्यांना थांबवलं आणि माझं रोजचं भाषण केलं— "आम्ही पडदे ओढत नाही. येता-जाता आत नजर गेली तर चालते. पण टक लावून बघायचं नाही हं, ते असभ्य!" सगळे हसले. आणि हे म्हणता म्हणता मी स्वतः टक लावून बघत होते. गल्लीतलं तिसरं घर, पुढे आलेली काचेची खिडकी, तिच्या बाजूच्या काचेतून दिसणारी वेसेलची मान. केस कापायला झालेत. कोण सांगणार त्याला?

मग आरशाबद्दल. त्याच खिडकीबाहेर, पलीकडच्या चौकटीला, लोखंडी दांडीवर हाताएवढा आरसा आहे. "पूर्वी म्हाताऱ्या आत खुर्चीत बसून त्यातून गल्लीवर पाळत ठेवायच्या. कोण आलं, कोण कुणाबरोबर आलं! या घरातल्या आत्याबाईंनी लावला होता. त्या गेल्या. आता तो कुणी वापरत नाही." पुन्हा हशा. फोटो.

आत्याबाई वेसेलच्या. घर त्यालाच देऊन गेल्या. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी नऊ वर्षं राहिले. आता बाहेरच्या बाजूला रोज थोडा वेळ उभी राहते, आणि आमच्या मालकाला, यॉर्नला, वाटतं मी पाहुण्यांना शहर दाखवते.

२४ ऑगस्ट, शनिवार

धो धो पाऊस. सगळ्या फेऱ्या रद्द. म्हणजे आज वेसेल नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी मिल्ड्रेडबरोबर दुकानामागच्या पायरीवर बसून जेवले. ती संध्याकाळच्या फेऱ्या नेते; तिच्या घरचे समुद्रापलीकडून आलेले. तिने घरची रोटी आणली होती, आत बटाटा आणि कोंबडी. माझ्या डब्यात पाव आणि चीज. ती माझ्या डब्याकडे बघून नेहमीसारखी म्हणाली, "याला जेवण म्हणतात का गं? हे तर आजारपण आहे!"

मग विचारलं, "दिसला का आज तुझा मुका?"

दिसला म्हटलं. मान.

"अगं, दोन उन्हाळे झाले मान बघतेस! बेल वाजव ना."

न कळवता? कुणाच्या दारात अशी उभी राहू? मिल्ड्रेड हसत सुटली. "तुम्ही लोक! कॉफीला यायचं तरी तीन आठवडे आधी तारीख ठरवता. एक बिस्किट देता आणि डब्याचं झाकण लावता. आमच्याकडे माणूस दारातून आला की आधी ताट वाढतात, मग नाव विचारतात."

तिला काय सांगू? तारखेची अडचण नाहीये. वेसेल पियानो जुळवतो. लोकांच्या घरी जाऊन दिवसभर एकेक सूर ऐकायचा, आणि घरी आल्यावर अवाक्षर नाही. मी दिवसभर बोलून घरी यायची आणि तिथेही मीच बोलायची. शेवटी एकदा जेवताना विचारलं, "मी राहू की जाऊ?" एकदा तरी तोंडाने म्हण, एवढंच हवं होतं मला. तो म्हणाला, "तुला हवं तसं." भांडला असता तरी चाललं असतं! मी गेले.

गेल्यावर महिन्याभराने पहिल्यांदा गट घेऊन पुलावर आले तर खुर्ची फिरलेली. आमच्या वेळी ती शेगडीकडे तोंड करून असायची. आता खिडकीत, पुलाकडे पाठ. जागाही निवडली ती पाठ दाखवायला!

आणि एक कळत नाही. पियानोवाले सकाळीच बोलावतात. मग हा रोज सकाळी घरी कसा? मिल्ड्रेड म्हणाली, "काम मिळत नसेल." मला दिवसभर तेच खात राहिलं. नीट जेवत असेल ना.

३ सप्टेंबर, मंगळवार

यॉर्नने सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर नवा नकाशा लावला होता. मालक आहे, पण माझ्या पोटचा शोभेल इतका लहान, आणि इतका उत्साही की आपण दमतो.

"ऑक्टोबरपासून नवा मार्ग. पाखरांच्या गल्ल्या बाद. त्याऐवजी मालीबान."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "का बरं?"

"तिथे आहे काय, हिल्के? एक पूल आणि एक आरसा. मालीबान म्हणजे देशातला पहिला सायकलमार्ग! दोन्हीकडे झाडं. लोकांना फोटो मिळतात."

"आरशाचेही काढतात!"

"आरसा तर माझ्या सायकलीलाही आहे."

सगळे हसले. मिल्ड्रेड हसली नाही. मीही हसले, न हसून कसं चालेल? मग बाहेर येऊन सायकलींच्या सीटा पुसत बसले. पुसलेल्याच होत्या.

सप्टेंबर संपेपर्यंत. तेवढंच.

८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. कालव्याच्या लॉकच्या, म्हणजे पाणदरवाजांच्या, बाजूने एकटीच चालत गेले. एक मुलगी चालत्या सायकलीच्या मागे उडी मारून बसली, सायकलवाल्याने वळूनही बघितलं नाही. मला रडूच आलं. भर रस्त्यात! एक्कावन्नाव्या वर्षी!

मी अशीच बसायची. वेसेलचा वेग न मोडता, दोन पावलं पळून, एका बाजूला पाय सोडून. सगळ्या शहरभर त्याच्या पाठीशी बोलत जायची. तेव्हाही पाठच दिसायची की! पण ती पाठ मला पुरायची. आणि वळण आलं की तो एक हात मागे करायचा, माझ्या गुडघ्याला लागेपर्यंत. आहे ना, एवढं बघायला. मग हात परत पुढे.

तो हात मला हवाय. बाकी काही नको. न का बोलेना.

आज गल्लीत गेले नाही. गटाशिवाय मी तिथे कोण?

१७ सप्टेंबर, मंगळवार

खूप उशीर झालाय. तरी लिहिते.

आज गटात ओडेट नावाच्या बाई होत्या. शेजारच्या देशातल्या, गेंट शहरच्या. सत्तरीच्या, लाल टोपी, बोलायला माझ्याहून वरचढ. निघतानाच एकाची साखळी निसटली म्हणून आम्हाला उशीर झाला. पुलावर पोचलो, मी पडद्यांचं भाषण सुरू केलं, आणि त्या म्हणाल्या, "ते पडदे राहू दे पोरी. मला आधी मोकळं व्हायचंय."

म्हटलं, पुढे थोड्या अंतरावर कॅफे आहे.

"पुढे कोण पोचतंय? तो बघ, तो माणूस घरीच आहे."

मी "अहो थांबा!" म्हणेपर्यंत बाईंनी सायकल भिंतीला टेकवली आणि बेल दाबली. ती बेल! जी मी दोन उन्हाळे दाबू शकले नाही, ती या बाईने लघवीसाठी दाबली!

मान हलली. खुर्ची रिकामी झाली. मी चटकन पाठ फिरवली आणि गटाला कालव्यातली बदकं दाखवायला लागले. बदकांबद्दल मला काडीची माहिती नाही. बदकांबद्दल मी इतकं बोलले की एका माणसाने वही काढली.

ओडेटबाई आल्या त्या हातात दोन बिस्किटं घेऊन. दोन! सायकलीवर बसताना म्हणाल्या, "देवमाणूस गं! कमी बोलतो, पण चांगला. बुटाची नाडी सुटली होती, तर त्याच्या खुर्चीत बसून बांध म्हणाला. आणि बघते तर काय, तुझा तो आरसा! माझ्या आजीकडे होता तसाच. तू तर सांगितलंस की कुणी वापरत नाही?"

नाही वापरत, मी म्हटलं.

"वा गं वा! त्या खुर्चीतून सरळ आरशात बघायचं. हा सगळा पूल मावतो त्यात. आणि मधोमध तू, या पिवळ्या कोटात, हातवारे करताना! मी म्हटलं, आमची मार्गदर्शक दिसतेय की हो. तर तो म्हणाला, 'हो. आज उशीर झाला तिला.'"

मी पुढचं भाषण न करताच पेडल मारलं. मी! बाईंना वाटलं मला राग आला. म्हणाल्या, "सकाळची कामंच घेत नाही म्हणे. या वयात माणसाला काय काय छंद असतात!"

पुढची अर्धी फेरी मी कशी नेली, ठाऊक नाही. डोम चर्चच्या मनोऱ्याची उंचीही चुकीची सांगितली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. रोज त्या आरशाकडे बोट दाखवून मीच सांगत होते तो कशासाठी असतो. पाळत ठेवायला. खुर्चीत बसून. पुलाकडे पाठ करून! पाठ केल्याशिवाय आरशात पूल दिसतच नाही. आत्याबाई अशाच बसायच्या. मी पाहिलंय त्यांना. माझ्या डोक्यातच आलं नाही!

तो पाठ दाखवत नव्हता. तो बघत होता. मी त्याला चोरून बघते म्हणत होते, आणि तो दोन उन्हाळे मला बघत होता— दिसत होते मी त्याला, हसताना, केस सारखे करताना, टक लावताना. देवा!

१८ सप्टेंबर, बुधवार

भुरभुर पाऊस, पण फेरी झाली. पुलावर थांबले. मानेकडे न बघता आरशाकडे बघितलं. आणि हात वर केला. गटाला वाटलं थांबायची खूण. सगळे आणखी थांबले.

मान हलली नाही. आरसा ओला होता. ओल्या आरशात काय दिसणार, हे मी दिवसभर स्वतःला समजावतेय.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आरसा पुसलेला. लख्ख. बाकी कुठल्याच खिडकीवर इतकं ऊन नव्हतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मिल्ड्रेड माझ्यावर ओरडली. "त्याला माहितीये, तुला माहितीये, आता अडलंय कुठे? दोघांपैकी एकाला तरी पाय आहेत का?"

खरं आहे. रोज जाते. नवा रुमाल बांधून जाते! तो तिथे असतो, मी तिथे असते. दोघंही टक लावून बघतोय, दोघंही असभ्य. पण बेल मी वाजवली की पुन्हा मीच विचारणार. येऊ का? आणि तो म्हणणार, तुला हवं तसं. तो दार उघडेल, कॉफी देईल, दोन बिस्किटंही देईल. पण म्हणणार नाही. मला ते एकदा ऐकायचंय. हट्ट म्हणा. नऊ वर्षं मीच बोलले, हे एक वाक्य तरी त्याच्या वाट्याचं आहे.

आणि तरी रात्री वाटतं, कसला हट्ट? जा ना, बये. जा.

३० सप्टेंबर, सोमवार

शेवटची फेरी. पुलावर खूप वेळ काढला. पडदे, आरसा, बदकं, सगळं दोनदा सांगितलं. एका मुलाने आईला विचारलं, "आपण इथेच राहणार का?"

गटाला म्हटलं, "उद्यापासून आम्ही या बाजूला येणार नाही." त्यांना काय त्याचं! ज्याला सांगायचं त्याला आरशातून दिसतं, ऐकू येत नाही.

सायकलीवर बसले आणि निघाले. वळणावर मागे हात केला. उगाच. तिथे कुणी नव्हतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मालीबान. झाडं सुंदर आहेत. फोटो भरपूर निघाले. यॉर्न खूश.

५ ऑक्टोबर, शनिवार

आजही सकाळी तो खुर्चीत बसला असेल का? पहिल्या दिवशी वाटलं असेल उशीर झाला. दुसऱ्या दिवशी वाटलं असेल आजारी आहे. आता काय वाटत असेल? मी पुन्हा गेले, आणि या वेळी न विचारताच, असंच ना?

आज झाडांखाली उभी राहून बोलताना मध्येच थांबले. बघणारं कुणी नाही म्हटल्यावर हातवारेच होईनात. या सोमवारी सुट्टी आहे. सोमवारी बेल वाजवीन म्हणते.

७ ऑक्टोबर, सोमवार

नाही वाजवली. कोपऱ्यापर्यंत गेले होते. खिडकीत खुर्ची रिकामी होती. मग कुणासाठी वाजवायची?

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज सात जण यायचे होते, पण दुकानातून सायकली सहाच काढाव्या लागल्या. सातवा स्वतःची घेऊन आला होता. काळी, जुनी, मागे रुंद कॅरियर. केस कापून आला होता.

जन्म याच शहरातला! मी सगळ्यांसारखंच त्यालाही विचारलं, आवाज जमेल तितका सरळ ठेवून— "तुम्हाला काय बघायचंय?"

वेसेल म्हणाला, "आरशात मालीबान दिसत नाही."