तिसरं वाक्य

सालहा,

तुझा आत्ताच कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मी सहाच्या टॅक्सीने गाबेसला जातोय. तिथल्या इस्पितळातून काल फोन आला होता. समुद्रात एक मुलगा सापडलाय, ओळख पटवायला बोलावलंय. डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे म्हणाले, आपल्या नादिरच्या होता तसाच. मला आता फारशी आशा नाही.

शोरबा करून ठेवलाय, गरम करून खा. तुझी बहीण दुपारी येईल, तिला दारातून परत पाठवू नकोस.

आणि समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी दिलेली ती तीन वाक्यं आजही आरशासमोर म्हण. मी चेष्टा करायचो, "आरसा उत्तर देतो का गं?" तू म्हणायचीस, "तू तरी कुठे देतोस?"

परवा तू बाजारात गेलीस तेव्हा मीही म्हणून पाहिली. 'मी आजचा दिवस काढेन' म्हणालो. 'मी एकटा नाही' हेही म्हणालो. 'यात माझा दोष नाही' हे मात्र तोंडातून फुटेना. तुला वाटतं तसा नादिर मित्राबरोबर गेला नव्हता, सालहा. चोरून समुद्रापार माणसं नेणाऱ्या त्या बोटीपर्यंत मीच त्याला मोपेडवर सोडलं. "बाबा, आईला सांगू नका," म्हणाला, आणि मी चार महिने गप्प बसलो.

तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. मी परत आल्यावर दार उघडायचं की नाही, तू ठरव. पण तिसरं वाक्य गाळू नकोस. तुझ्या तोंडी ते खरं आहे.

हादी