कै. आणि सदतीस बायका

३ फेब्रुवारी

संगणकापुढं मान मोडणाऱ्यांनो! आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच — घाण दुसऱ्यानं करायची, निस्तरायची आपण! (टाळ्या नाहीत. वहीला हात कुठले?)

सकाळी शिरूरहून कवठ्याला आमच्या दूध संस्थेत गेले. निवडणुकीची यादी भिंतीवर लागलीय. दगडाबाई कोळपे उमेदवारी भरायला आल्या, तर यादीत नावच नाही! कारकून हनुमंत म्हणे, "मावशी, तुम्ही मयत दिसताय."

"व्हय का? मंग सकाळी दूध कुणी घातलं, माझ्या भुतानं?"

"कॉम्प्युटरनं काढलंय, म्या काय करू? साधनाताई, तुम्ही सभेत लई बोलता, आता बघा की."

हरकतीची मुदत सहा तारखेला पाचपर्यंत.

४ फेब्रुवारी

हनुमंतनं प्रोग्रॅममधली ती एक ओळ फोटो काढून पाठवली. हसावं की रडावं!

मयत सभासदाच्या नावाआधी नोंदीत 'कै.' लावतात. ती नावं गाळायला कुणीतरी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलंय — म्हणजे मजकुरात शोधायचा साचा. साचा एवढाच: कै.

पण आपल्याकडं विधवा आपलं नाव कसं लिहिते? दगडाबाई कै. भिमाजी कोळपे. 'ओळीच्या सुरुवातीलाच बघ' हे सांगणारी ^ खूण द्यायला हा पठ्ठ्या विसरला. नवरा गेला, की बाईही गेली! हनुमंतनं मोजल्या, अशा सदतीस. सती कायद्यानं बंद झाली. यानं एका अक्षरात पुन्हा चालू केली. शिवाय टिंबाआधी तिरपी रेघ नाही. नुसतं टिंब म्हणजे कुठलंही अक्षर — त्यात गावचे तीन कैलासही स्वर्गवासी!

दोन मिनिटांत साचा पाडायचा, चार नावांवर चालला की झालं. चारही पुरुषांची असणार. भेटू दे एकदा. चौकात उभा करून सोलते!

५ फेब्रुवारी

चेअरमन मारुतराव खुर्चीत रेलून म्हणाले, "सदतीस बायांनी काय फरक पडतोय?"

"आप्पा, मागल्या वेळी तुम्ही नऊ मतांनी आलात."

चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हरकत ज्याची त्यानं सोता येऊन द्यायची. मयत येणार हायत का?"

कैलासांची हरकत मात्र आजच घेतली. त्यांना फोन गेले होते.

६ फेब्रुवारी, सकाळ

हनुमंतकडून यादी आणि प्रोग्रॅमची पूर्ण फाइल मागवली. साचा सुधारून चालवला — ^कै\. — सदतीसजणी परत आल्या. शेवटून तिसरी: साधना कै. पृथ्वीराज इचके.

फाइलीच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव: साधना इचके. चार वर्षांपूर्वीचं, दोन मिनिटांत पाडून विसरलेलं. तेव्हा पृथ्वीराज होता.

बाकीच्या छत्तीसजणींना फोन लावतेय: बायांनो, आज पाचच्या आत दूध संस्थेत या. आपापल्या पायांनी. मी दारात उभी आहे.