पाळकसाहेबांच्या भावाचा पाय

११ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय दादा,

प्रभूच्या नावाने तुला आणि वहिनीला सलाम. तुमच्या तब्येती ठीक असतील, मंडळीचं कामही जोरात असेल. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. सकाळी हिचे गुडघे कुरकुरतात, माझी कंबर त्यांना दुजोरा देते, आणि मग चहा होतो. लेकीचा फोन येतो. जावयाची बदली अजून लटकलेलीच आहे.

दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. मुलं सुट्टीत वाढतात आणि त्यांच्या आयांना ते पंधरा ऑगस्ट जवळ आला की दिसतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं उद्याच हवं असतं. परवा शिवणयंत्राचा पट्टा तुटला. काम थांबलं तर मला बरंच वाटलं, हे तुला म्हणून सांगतो.

वहिनीला सांग, तिने हिला दिलेलं मलम लागू पडलंय. वास मात्र असा आहे की शेजारी येऊन विचारतात, काय करपलं.

वर्धापनदिनाच्या सभेचा तुझा निरोप मिळाला. रविवारी मी यावं, व्यासपीठावर उभं राहावं, साक्ष द्यावी, पाच मिनिटं बोललो तरी चालेल. त्याबद्दल खाली लिहितो. आधी बाकीचं.

बाकीचं काही नाही, दादा. बाकीचं मी ओढूनताणून आणतो आहे. हे खरं म्हणजे फोनवर बोलायचं, पण फोनवर माझं वाक्य अर्धवट असतानाच तू प्रार्थना सुरू करतोस, आणि चालू प्रार्थनेत माणसाने मध्ये तोंड कसं घालायचं? मी आमेन म्हणतो आणि फोन ठेवतो. म्हणून कागद घेतला. तो तरी तुला शेवटपर्यंत वाचावा लागेल.

गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. तुमच्याकडून पहाटेची बस धरून आली होती, पत्ता विचारत विचारत.

"तुम्हीच ना पाळकसाहेबांचे भाऊ?"

"हो."

"पाय बरा झालेले?"

मी यंत्रावर बसलेलो होतो, पाय खाली. विचारलं, "कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? ते स्वतः सांगतात, आरोग्याच्या सभेत. मी माझ्या कानांनी ऐकलंय. जन्मापासून आखूड होता, त्यांच्या हातात असताना दुसऱ्याच्या बरोबरीने आला. जरा उभे राहता का? हिला दाखवायचं होतं."

राहिलो उभा. काय करणार? टेबलाला धरून बाहेर आलो. मोठी माणसं आधी चेहऱ्याकडे बघतात आणि मग हळूच खाली. मुलगी सरळ खालीच बघत होती.

"आई, ह्यांचा बूट माझ्या बुटापेक्षा जाड आहे."

"गप गं." मग मला, आवाज उतरवून, "सवयीने घालता का अजून?"

"नाही ताई, गरजेने घालतो. माझा पाय बरा झालेला नाही."

ती माझ्या बुटाकडे बघत म्हणाली, "म्हणजे पाळकसाहेब खोटं बोलतात?"

आता तूच सांग, दादा, मी काय बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "त्यांचा माझ्यावर फार जीव आहे." हे काही उत्तर नव्हतं, ते तिलाही कळलं.

"मग तुमचा विश्वास कमी पडला असेल," ती म्हणाली. खवचटपणे नाही. धुण्यात कापड आटलं असेल म्हणावं तसं, सहज.

मुलीचा उजवा पाय घोट्यापासून आत वळलेला आहे. पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या, कॅलिपर म्हणतात ते, डॉक्टरांनी दिलंय. रात्री झोपताना सोडून सतत घालायचं. ते घरी पलंगाखाली पडलंय. तुझी साक्ष ऐकली आणि त्या बाईने ते काढून ठेवलं, विश्वासाचं पाऊल म्हणून. "पाळकसाहेबांनी काढायला सांगितलं नव्हतं हं," ती लगेच म्हणाली, तुझी बाजू घेऊन. "मीच काढलं." मुलीच्या हनुवटीवर टाक्यांची ताजी खूण आहे. जिन्यावरून पडली.

आज इथेच थांबतो. पुढे लिहिलं तर भलतंच लिहीन.

बुधवार

काल रागात पेन ठेवलं. राग आजही गेलेला नाही. सकाळची प्रार्थना केली, तीही दातओठ खाऊन.

तुझ्या घरी त्या दिवशी काय झालं ते मला नीट आठवतं. मंडळीतले आठ-दहा जण होते, मला खुर्चीत बसवलं, डोक्यावर हात ठेवले. तू खाली बसून माझ्या दोन्ही टाचा तुझ्या हातांत धरल्यास. आयुष्यभर माणसांच्या पायांची मापं घेतो आहे मी. खुर्चीत कंबर जराशी तिरकी झाली की कुणाच्याही टाचा जुळतात. माझ्याही जुळल्या. कुणीतरी हालेलूया म्हणालं, तू रडायला लागलास. मी वाकून तुझ्या कानात म्हणालो, "दादा, काही फरक नाही रे." आठवतं? तू म्हणालास, "विश्वासाने बोल."

ऐकलं होतंस तू. मला सगळ्यात जास्त तेच लागलं आहे. चूक झाली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तू ऐकलंस, आणि तरी गेले कितीतरी महिने माझा पाय घेऊन सभांमधून फिरतो आहेस. पाय माझा, दादा. निदान विचारायचंस तरी.

लहानपणी पोरं मला लंगड्या म्हणायची आणि तू त्यांना बदडायचास. शाळेत जाताना ओढ्यापाशी आलो की मला खांद्यावर घ्यायचास. ओढा ओलांडला तरी उतरवायचा नाहीस, थेट शाळेच्या फाटकापर्यंत. सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला उतरायचं असायचं. ओढ्यापासून फाटकापर्यंतचा तो रस्ता मला माझ्या पायाने चालायचा होता, पडत-झडत का होईना. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला धाप लागलेली असायची आणि तू खुशीत असायचास.

तू म्हणतोस, आईने जन्मभर माझ्या पायासाठी मागणं केलं, ते वाया कसं जाईल. आता हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आईने मागणं सोडलं होतं. शेवटच्या आजारपणात तू सभांसाठी बाहेर होतास. दुपारी मी तिचं अंग पुसत होतो. मला म्हणाली, "तुझ्या पायाचं मी देवाशी बोलत नाही आता. बरीच वर्षं झाली. तुझ्या दादाला सांगू नकोस, त्याला वाटेल आई खचली." मी विचारलं, मग काय बोलतेस? म्हणाली, "तुझं काम नीट चालावं, बायको चांगली मिळाली म्हणून आभार, असलंच. पाय राहून जातो." आणि हसली, दूध आणायचं राहून गेलं असं सांगताना हसायची तशी.

पाय राहून जातो. दादा, मला त्या दिवशी जेवढं हलकं वाटलं तेवढं तुझ्या कुठल्याच सभेत वाटलेलं नाही.

मी काही फार मोठ्या मनाचा आहे असं समजू नकोस. थंडीत सकाळी पहिलं पाऊल टाकताना कंबरेतून कळ जाते, तेव्हा मी अजूनही देवावर चिडतो. बस निघून जाते तेव्हा चिडतो. पण ते त्याच्या माझ्यातलं आहे, आणि तो ऐकून घेतो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जाताना माझ्यामागे रांग तुंबते. म्हणून पूर्वी मी शेवटी जायचो, सगळे झाले की. एका रविवारी आमच्या म्हाताऱ्या पाळकांनी हातातली भाकर तशीच धरून माझी वाट पाहिली, आणि मी चालता चालता त्या भाकरीकडे बघत होतो. मोडलेली होती. मोडलेली असते म्हणूनच ती सगळ्यांना देता येते. प्रभूचं मोडलेलं शरीर म्हणून ती आपण हातात घेतो, आभार मानून खातो, आणि घरी येऊन म्हणतो, देवा, माझं मात्र धड करून दे. मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून मी रांगेत मधेच उभा राहतो. तुंबते तर तुंबू दे.

हे तुला मी शिकवावं असं नाही. बायबलचं वचन तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. पण तू लोकांना जो देव दाखवतोस, त्याला मी असा चालत नाही असं वाटायला लागतं. मला तो असा भेटलेला नाही.

त्या मुलीचं राहिलं. आई बाहेर बाकावर जाऊन बसली, पदर डोळ्यांना लावून. मुलगी आतच राहिली, माझ्या दोऱ्यांच्या रिळांना हात लावत. गणवेशाचा स्कर्ट एका बाजूला वर चढलेला होता. म्हटलं, ये, नीट करून देतो. माप घेतलं, त्या बाजूला खडूने खूण केली. आमच्या धंद्यात व्यंग बोलून दाखवायचं नसतं. कुणाचा खांदा उतरलेला असतो, कुणाला पोक असतं. आपण मुकाट्याने खूण करायची, आत एक पट्टी जास्त घालायची, गिऱ्हाईक आरशात बघून खूश. जवळजवळ सगळ्यांनाच पट्टी लागते, खरं सांगायचं तर.

तिने विचारलं, "इथे खूण कशाला?"

"इकडे जरा कापड सोडायला लागेल."

"पाय वाकडा आहे म्हणून?"

एवढ्या वर्षांचा नियम मोडला मी. म्हणालो, "हो. वाकडा आहे म्हणून."

तिने असा श्वास सोडला, दादा. म्हणाली, "सगळे म्हणतात सरळ होतोय. मला तर दिसत नाही." मग जवळ येऊन, "तुमचा दुखतो?"

"थंडीत."

"माझा जिन्यावर. ते लोखंडाचं घातलं की नाही दुखत. पण ते घातलं तर आई रडते."

मी बाहेर जाऊन आईशी बोललो. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पोरीला ते पुन्हा घाला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता, पण तुमचं तर झालंच नाही. माझ्या मुलीची आशा का सोडू मी? पाळकसाहेब म्हणाले तर घालीन." मी सगळं सांगून पाहिलं. एकच वाक्य परत परत. पाळकसाहेब म्हणाले तर.

तेव्हा मी तिला सांगितलं, ते म्हणतील. रविवारच्या सभेत स्वतः म्हणतील, तुम्ही या.

तुला न विचारता तुझ्या नावाने शब्द दिला. हेच मी कालपासून पानं भरून टाळत होतो.

ती येणार आहे, मुलीला घेऊन. मीही येतो. साक्ष देणार नाही. व्यासपीठावर बोलावू नकोस, मी लोकांमध्ये बसेन. तू त्यांना सांग की माझ्या भावाचा पाय बरा झालेला नाही, आणि ज्यांनी ज्यांनी औषध, पट्ट्या, चष्मे काढून ठेवलेत त्यांनी घरी जाऊन ते पुन्हा घालावेत. लोक कुजबुजतील. काही जण मंडळी सोडून जातील, तेही मला कळतं. तू ती एकेक माणूस जोडून उभी केली आहेस. तू बोलला नाहीस तर मी उठून तुझी शोभा करणार नाही. तेवढं माझ्याने होणार नाही. मग मुलगी तशीच घरी जाईल, जिन्यावरून, आणि त्याला तू आणि मी दोघंही जबाबदार असू.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो आहे. माझ्या पायासाठी इतकी कधी केली नव्हती.

तुझ्यावर रागावलेला, आणि तुझाच,

धाकटा