घरात येऊ नका, बाबा

बाबा,

दार उघडू नका. तुमचा फोन टेबलावरच वाजला, म्हणून ही चिठ्ठी इथे चिकटवली आहे.

गाडीतला जो काळा डबा तुम्ही परवा "बिनकामाचं डबडं" म्हणत काढलात, त्यात कोळसा असतो. टाकीतून येणारी पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती जळायला इंजिनात सोडतो. आता त्याची नळी उघडी आहे, टाकी भरलेली आहे आणि सकाळपासून गॅरेजच्या पत्र्यावर ऊन आहे. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. मला गॅरेजकडे उतरणाऱ्या जिन्यातच वास आला. शटर विजेवर चालतं, म्हणून त्याला हात लावला नाही. अग्निशामक दलाला कळवलं आहे.

सकाळी तुम्ही तासभर त्या गॅरेजमध्येच बसून होतात. दूध करपलं त्या दिवशी वास कसा आला नाही विचारलं, तर "सर्दी झालीय" म्हणालात आणि मी ते खरं मानलं. माझंच चुकलं.

छकुली आणि मी समोरच्या काकूंकडे आहोत. तिकडेच या, मी रागावणार नाही. फक्त वास येतोय का हे पाहायला दार किलकिलं करू नका. तुम्हाला तो येणार नाही.